काडी लावण्यापूर्वी

व्हिक्टोरिया राणीच्या काळातला पाद्री आज तळहातावर मावतो. अडीच इंच रुंद आणि चार इंच उंच असा पुठ्ठा, त्यावर डकवलेला पातळ कागदाचा फोटो, आणि फोटोत खुर्चीच्या पाठीवर हात टेकून उभा असलेला काळ्या कोटातला गृहस्थ. बाजूच्या छोट्या मेजावर जाडजूड ग्रंथ, मागे रंगवलेला पडदा, पायाखाली स्टुडिओचा गालिचा. चेहऱ्यावर हसू नावालाही नाही. पुठ्ठा उलटा केला की स्टुडिओचे नाव आणि पत्ता दिसतो. निगेटिव्हची काच जपून ठेवली आहे, प्रती केव्हाही मिळतील, असे आश्वासनही पुष्कळदा छापलेले असते. नसते ते एकच: त्या गृहस्थाचे नाव.

अशा फोटोंचे आल्बम इंग्लंड, वेल्स, स्कॉटलंडमधल्या कितीतरी घरांत पिढ्यान्‌पिढ्या राहिले. घराण्यात कुणी पाद्री होऊन गेला असेल तर आल्बमच्या जोडीला बहुधा पत्रांची एक पेटीही असते. फोटोत खांबासारखा उभा राहिलेला माणूस पत्रांत भलताच निघतो. छप्पर गळते आहे आणि दुरुस्तीला पैसे नाहीत, थोरल्याचे लॅटिन कच्चे आहे, बिशपसाहेबांचे उत्तर अजून नाही, खोकल्याने रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही, आणि तू माहेराहून कधी परततेस, हे सगळे एकाच कागदावर. जगाला दाखवायचा चेहरा आल्बममध्ये आणि घरच्यांपुरता पेटीत, अशी ही वाटणी. दोन्ही एका जागी असतील तरच माणूस पुरता हाती लागतो.

घराण्यांनी हे सारे जपले म्हणून त्यांचे कौतुक करण्याची पद्धत आहे. कौतुक रास्तच आहे, पण अर्धेच. कारण ज्या हातांनी आल्बमवरची धूळ झटकली, त्याच हातांनी कितीदा तरी पेटीतली पत्रे विस्तवात घातली. फोटो जाळावा असे सहसा कुणाला वाटत नाही, कारण फोटो मुका असतो. पत्र बोलते, म्हणून त्याची धास्ती. आणि पाद्र्याच्या घरात ही धास्ती दुप्पट. गावाला नीती शिकवणाऱ्याच्या घरात अनीतीचा वासही यायला नको, ही काळजी त्याच्या मुलाबाळांनाच नव्हे, नातवंडांनाही लागलेली असे.

मुळात हे फोटो एवढे झाले कसे? १८५४ साली पॅरिसच्या दिस्देरी नावाच्या फोटोग्राफरने एकाच काचेवर आठ छोटे फोटो घेण्याच्या युक्तीचे पेटंट घेतले. त्या फोटोला नाव पडले कार्त द व्हिझित, म्हणजे भेटीला गेल्यावर द्यायचे कार्ड. खर्च आठांत वाटला गेला, आणि चित्रकारापुढे बसण्याची ज्यांची ऐपत नव्हती तेही कॅमेऱ्यापुढे उभे राहू लागले. खेड्यातला बेताच्या कमाईचा पाद्री त्यांतलाच. १८६० साली मेयॉल नावाच्या फोटोग्राफरने राणीचे आणि राजघराण्याचे कार्ड-फोटो विक्रीला आणले तेव्हा तर ब्रिटनला वेडच लागले. पुढच्या वर्षी डिसेंबरात राणीचे यजमान प्रिन्स अल्बर्ट वारले. आठवड्याभरात त्यांच्या फोटोच्या सत्तर हजार प्रती मागवल्या गेल्याचे सांगतात. फोटोच्या कागदाला अंड्यातल्या पांढऱ्या बलकाचा हात द्यावा लागे. ड्रेस्डेनच्या एका कारखान्यात त्यासाठी दिवसाला साठ हजार अंडी फुटत. उरलेल्या पिवळ्याचे काय होत असेल, हा प्रश्न कुठल्याही मराठी गृहिणीला पहिल्यांदा पडेल. मौज अशी की आज हे फोटो पिवळट दिसतात ते त्या पांढऱ्या बलकापायीच.

पाद्र्यांच्या फोटोंना तेव्हा गिऱ्हाईक होते. स्टेशनरीच्या दुकानाच्या काचेत राजकन्या, नटी आणि सेनापती यांच्या रांगेत बिशपही टांगलेले असत. बाप्टिस्ट उपदेशक स्पर्जन यांचे प्रवचन ऐकायला लंडनमध्ये हजारोंची गर्दी लोटे; त्यांची प्रवचने दर आठवड्याला एका पेनीला छापून विकली जात, आणि फोटोही खपत. पाद्री-लेखक चार्ल्स किंग्जली आणि कॅथलिक झालेले पाद्री जॉन हेन्री न्यूमन यांचे १८६४ साली जाहीर भांडण झाले, तेव्हा दोघांचेही चेहरे वाचकांच्या ओळखीचे होते. एकाच आल्बममध्ये हे दोघे समोरासमोरच्या पानांवर बसलेले सापडले तर नवल नाही.

त्याही आधीचा एक प्रसंग सांगायलाच हवा, कारण पाद्र्यांच्या फोटोंची खरी सुरुवात तिथे आहे. १८ मे १८४३ रोजी एडिंबरोत स्कॉटलंडच्या चर्चमध्ये फूट पडली. पाद्र्याची नेमणूक जमीनदाराने करायची की गावकऱ्यांनी, असा वाद होता. शंभराहून अधिक पाद्री सभेतून उठले, रस्त्याने चालत दुसऱ्या सभागृहात गेले आणि त्यांनी फ्री चर्च स्थापन केले. एकूण चारशेहून अधिक पाद्र्यांनी घर, पगार, हक्काचे देऊळ, सगळ्यांवर पाणी सोडले. हे पाहून भारावलेल्या डेव्हिड ऑक्टेव्हियस हिल या चित्रकाराने त्या प्रसंगाचे भव्य चित्र काढायचे ठरवले. पण शेकडो चेहरे टिपायचे कसे? सर डेव्हिड ब्रूस्टर या शास्त्रज्ञाने त्याला रॉबर्ट ॲडमसन या बावीस-तेवीस वर्षांच्या फोटोग्राफरची गाठ घालून दिली. दोघांनी कॉल्टन हिलवरच्या घरी उन्हात खुर्च्या मांडून पाद्र्यांना बसवायला सुरुवात केली. तेव्हाच्या कागदी निगेटिव्हला वेळ लागे, म्हणून डोके हलू नये यासाठी कुणी गालाला हात लावून बसला आहे, कुणी पुस्तकावर कोपर टेकले आहे. साडेचार वर्षांत दोघांनी मिळून सुमारे तीन हजार चित्रे घेतली. १८४८ च्या जानेवारीत ॲडमसन सव्विसाव्या वर्षीच गेला. हिलचे चित्र पुरे व्हायला १८६६ उजाडले. त्यात साडेचारशेहून अधिक चेहरे आहेत, आणि खरे बोलायचे तर ते चित्र एखाद्या गर्दीच्या शाळेच्या ग्रुप फोटोसारखे दिसते. त्याच्या तयारीसाठी घेतलेले फोटो मात्र जगातल्या उत्तम फोटोंत गणले जातात.

या फुटीचा धक्का मुंबईपर्यंत पोहोचला होता. ज्यांच्या नावाने विल्सन कॉलेज उभे आहे ते डॉ. जॉन विल्सन फ्री चर्चच्या बाजूने गेले, आणि मुंबईत त्यांनी वाढवलेल्या शाळेची इमारत जुन्या चर्चकडे राहिली. पुन्हा नव्याने जागा शोधण्यापासून सुरुवात. या असल्या गोष्टी फोटोत दिसत नाहीत. त्या कळतात मुंबईहून स्कॉटलंडला गेलेल्या पत्रांतून, आणि एडिंबरोच्या राष्ट्रीय ग्रंथालयात स्कॉटिश मिशनांची कागदपत्रे आहेत म्हणूनच.

फोटोतूनही वाचता येण्यासारखे पुष्कळ असते, हे मान्य करायला हवे. पुठ्ठ्याचे कोपरे चौकोनी आणि पुठ्ठा पातळ असेल तर फोटो बहुधा १८६० च्या दशकातला. कोपरे गोल आणि पाठीमागची नक्षी भरगच्च झाली की तो पुढचा. गळ्याला पांढरा रुमाल गुंडाळलेला असेल तर पाद्री जुन्या वळणाचा. समोर बटणांची रांग नसलेला, गळ्यापर्यंत बंद असा वेस्टकोट असेल तर तो कॅथलिक वळणाच्या ऑक्सफर्ड चळवळीकडे झुकलेला. या वेस्टकोटाला शिंपी मंडळी थट्टेने 'पशूची खूण' म्हणत, कारण बायबलातल्या त्या पशूइतकाच तो कट्टर प्रॉटेस्टंटांना भीतिदायक वाटे. गुडघ्यापर्यंतचे गेटर आणि आखूड एप्रन दिसला की बिशप किंवा दुसरा कुणी वरिष्ठ पाद्री. नाव कळले तर पुढचे सोपे असते, कारण १८५८ पासून क्रॉकफर्डची पाद्र्यांची सूची निघू लागली, आणि कोण कुठल्या गावी किती साली होता हे तीत सापडते. पण नावच नसेल तर? घरातली शेवटची ओळखणारी आजी गेली की आल्बमचे नशीब ठरलेले. व्यापारी पाने फाडून फोटो सुटे करतो आणि 'अनोळखी पाद्री' म्हणून किरकोळ किमतीला विकतो. दीडशे वर्षे जपलेल्या माणसाची ही अखेर.

पत्रांचे दुखणे वेगळे आहे. १० जानेवारी १८४० पासून ब्रिटनमध्ये अर्ध्या औंसाचे पत्र एका पेनीत कुठेही जाऊ लागले. त्याआधी कागद मोजून टपालखर्च लागे, म्हणून लोक एक पान आडवे भरले की तेच पान वळवून मजकुरावर उभे लिहीत. पेनीचे टपाल आल्यावरही कितीकांची ही सवय सुटली नाही. अशा पत्राकडे पाहिले की जाळीच्या दारातून पाहिल्यासारखे होते. थोड्या वेळाने डोळा सरावतो, आडव्या ओळी मागे जातात आणि उभ्या पुढे येतात. कागदाला काळी किनार असेल तर घरात सुतक, किनार जितकी रुंद तितके मरण ताजे. एवढे सगळे त्या कागदात असते, आणि घरचा शाळकरी मुलगा मात्र लिफाफ्याचा कोपरा कापून नेमके तिकीट काढून घेतो. तिकिटाबरोबर टपालाचा शिक्का जातो, आणि शिक्क्याबरोबर तारीख.

पण तिकिटे कापणारी मुले परवडली. थोरांनी काय केले ते पाहायचे तर यॉर्कशरमधल्या हॉवर्थच्या पाद्रीघरात जावे लागेल.

तिथले पाद्री पॅट्रिक ब्राँटे. सहाही अपत्ये त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. ते स्वतः चौऱ्याऐंशी वर्षे जगले. उतारवयातले त्यांचे फोटो आहेत: पांढरे केस, गोल चष्मा, हनुवटीपर्यंत गुंडाळलेला पांढरा गळपट्टा. थोरली उरलेली मुलगी शार्लट 'जेन एअर'मुळे जगप्रसिद्ध झालेली. तिने जून १८५४ मध्ये वडिलांच्या हाताखालच्या आर्थर बेल निकल्स या तरुण पाद्र्याशी लग्न केले. त्या ऑक्टोबरात ती एलन नसी या बालमैत्रिणीला पत्र लिहीत बसली असता नवरेबुवांनी ते वाचले आणि त्यांचा धीर सुटला. बायका पत्रांत वाटेल ते लिहितात, अशी पत्रे धोक्याची, तेव्हा एलनने वाचून झाल्यावर ती जाळलीच पाहिजेत. कबूल नसेल तर यापुढे प्रत्येक पत्र आपण तपासून पाठवू, असे त्यांनी बजावले. एलनने वचन लिहून दिले, पण अट घालून: तुम्ही पत्रे तपासणार नसाल तर. पुढे तिने ठरवले की समोरच्याने अट पाळली नाही, म्हणजे आपणही मोकळ्या. तिने ती पत्रे राखली. सहा महिन्यांच्या आत शार्लट गेली. १८५७ साली मिसेस गॅस्केल यांनी तिचे चरित्र लिहिले ते एलनने उसनी दिलेली तीनशेहून अधिक पत्रे पुढ्यात ठेवून. निकल्ससाहेबांचा हुकूम पाळला गेला असता तर ते चरित्र निघाले नसते. नवरे म्हणून ते चांगले होते असे शार्लटच्याच पत्रांवरून दिसते. म्हणजे त्यांची बाजू जगाला कळली तीही त्यांनी जाळायला सांगितलेल्या कागदांमुळे.

म्हातारे पॅट्रिक ब्राँटे यांची कथा तर आणखी चमत्कारिक. लेकीच्या चाहत्यांची पत्रे येत: तिच्या हस्ताक्षराचा एखादा नमुना द्या. म्हातारबुवा कात्री घेत आणि लेकीने आपल्याला लिहिलेल्या पत्राची एक पट्टी कापून पाठवत. एकाला चार ओळी, दुसऱ्याला दोन. त्यामागे लोभ नव्हता, दुष्टपणा नव्हता. दारी आलेल्याला विन्मुख पाठवू नये, एवढेच. पत्रांची माती व्हायला वाईट माणूस लागत नाही.

निकल्स १८६१ मध्ये आयर्लंडला बॅनहरला परतले, पाद्रीपण सोडून शेती पाहू लागले, मामेबहिणीशी त्यांनी दुसरा संसार थाटला. हॉवर्थहून आणलेले कागद, कपडे, चित्रे त्यांनी कित्येक वर्षे सांभाळली. १९०६ मध्ये ते वारले. १९१४ साली त्यांच्या दुसऱ्या बायकोला कपाटाच्या वर तपकिरी कागदात गुंडाळलेली चित्रे सापडली. त्यांत भाऊ ब्रॅनवेलने काढलेले तिन्ही ब्राँटे बहिणींचे चित्र होते, घडी घालून ठेवलेले. तिन्ही बहिणी एकत्र असलेले एवढेच चित्र आज आहे. लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत ते टांगले आहे, आणि घडीच्या रेघा कॅनव्हासवर अजून दिसतात. त्या रेघा पाहताना निकल्ससाहेबांवरचा राग थोडा निवळतो. निष्काळजीपणे का होईना, त्यांनी फेकले नाही.

एलनने राखलेल्या पत्रांचे पुढे काय झाले? म्हातारपणी तिला टी. जे. वाइज नावाचा ग्रंथसंग्राहक भेटला. ही पत्रे पुढे लंडनच्या सरकारी संग्रहालयाला जातील अशी तिची समजूत करून देण्यात आली आणि तिने ती दिली. वाइजने ती फोडून विकली. जगभर विखुरलेली ती पत्रे गोळा करण्यात अभ्यासकांच्या पिढ्या गेल्या. हाच वाइज पुढे १९३४ मध्ये बनावट दुर्मीळ पुस्तके तयार करणारा म्हणून उघडा पडला. तात्पर्य न काढता एवढेच म्हणता येईल की काडी आणि कात्री यांच्या जोडीला तराजूही असतो.

आता काडीचीच गोष्ट. फ्रान्सिस किल्व्हर्ट हा वेल्सच्या सीमेवर क्लायरो गावी असलेला तरुण सहायक पाद्री. १८७० च्या नववर्षदिनापासून तो रोजनिशी लिहू लागला. गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या आठवणी, बर्फात गोठलेली दाढी, टेकड्यांवरचा उजेड, कुणाच्या घरचा चहा, आणि मुलींच्या सौंदर्याने होणारी स्वतःची घालमेल, सगळे त्यात. ऑगस्ट १८७९ मध्ये त्याचे लग्न झाले आणि पाच आठवड्यांत, अडतिसाव्या वर्षी, पोटाच्या विकाराने तो गेला. वह्यांतला काही भाग विधवेने काढून टाकला असे मानले जाते. उरलेल्या बावीस वह्या भाच्याकडे आल्या. १९३७ मध्ये त्या एका प्रकाशकाकडे पोहोचल्या आणि विल्यम प्लोमर या कवीने त्यांतून निवड करून तीन खंड काढले. निवड म्हणजे साधारण तिसरा हिस्सा. मूळ वह्या घरी आहेतच, पुढे कधीतरी सगळे छापू, असा सगळ्यांचा समज. पण वह्या भाचीकडे गेल्या होत्या, आणि १९५० च्या दशकात त्या वृद्ध बाईंनी घरातल्या खासगी गोष्टी बाहेर जाऊ नयेत म्हणून बहुतेक सगळ्या नष्ट केल्या. प्लोमरने केलेली टंकलिखित प्रत महायुद्धाच्या धामधुमीत आधीच गेली होती. बावीसपैकी तीन वह्या उरल्या. दोन ॲबरिस्टविथला वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात, एक डरॅम विद्यापीठात.

वाईट याचे वाटते की हे सारे त्या रोजनिशीचे नाव झाल्यानंतर घडले. बाईंना तिचे मोल माहीत नव्हते असे म्हणण्याची सोय नाही.

याच्या उलट उदाहरण पाहायचे तर पुन्हा किंग्जलींकडे यावे लागते. हँपशरमधल्या एव्हर्स्ली गावचे रेक्टर, राणीचे चॅप्लेन, केंब्रिजचे इतिहासाचे प्राध्यापक, 'वॉटर बेबीज'चे लेखक. १८७५ मध्ये ते वारले. दोन वर्षांत पत्नी फॅनी यांनी त्यांची पत्रे आणि आठवणी दोन खंडांत छापल्या. पत्रे चाळून, गाळून, धुऊन-पुसून घेतलेली. खंडांतले किंग्जली म्हणजे पवित्र पुतळा. पण फॅनीबाईंनी एक शहाणपण केले. छापताना कात्री चालवली, तरी मूळ कागद राखले. त्यांत लग्नाआधी किंग्जलींनी त्यांना लिहिलेली उत्कट शृंगारिक पत्रे होती आणि स्वतःच्या हाताने काढलेली नग्न स्त्री-पुरुषांची चित्रेही. हे सारे जगापुढे आले ते १९७४ मध्ये सुझन चिटी यांच्या चरित्रात, किंग्जली जाऊन शंभर वर्षे होत आली तेव्हा. कुणाची अब्रू गेली? कुणाचीच नाही. उलट देह पापाचा असे मानणाऱ्या धर्मगुरूंशी हा पाद्री एवढ्या त्वेषाने का भांडत होता, न्यूमनवर का तुटून पडला होता, याचा उलगडा झाला. ज्या पत्रांची लाज वाटावी अशी त्या काळची रीत, त्या पत्रांनीच हा माणूस समजला.

याउलट ऑक्सफर्डचे रेव्हरंड चार्ल्स डॉजसन, म्हणजे ॲलिसकर्ते लुइस कॅरोल, यांच्या तेरा रोजनिशींपैकी चार बेपत्ता आहेत आणि उरलेल्यांतली काही पाने कापलेली आहेत. १८९८ मध्ये त्यांच्या भाच्याने चरित्र लिहिले तेव्हा त्या वह्या होत्या. म्हणजे गेल्या त्या घरातच. कापलेल्या पानांच्या जागी गेली कित्येक दशके तर्क बसले आहेत, आणि ते तर्क खुद्द पानांत असेल त्याहून बहुधा अधिक ओंगळ आहेत. अब्रू राखायला पाने कापली, हाती आला तो संशय.

यावर एक आक्षेप येईल आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. मेलेल्याला खासगीपण नसते का? बायकोला लिहिलेले पत्र कुणा संशोधकाने टाचण काढत वाचावे, हे त्या बिचाऱ्या पाद्र्याला कुठे मान्य होते? नसेलही. पण खासगीपण राखायला कुलूप पुरते. पत्रे संग्रहालयाला देताना पन्नास वर्षे उघडू नयेत, पंच्याहत्तर वर्षे उघडू नयेत अशी अट घालता येते, आणि भल्या संस्था ती पाळतात. कुलूप उघडता येते, राख उलटवता येत नाही. शिवाय जाळणारा केवळ स्वतःचे आणि आजोबांचे खासगीपण राखत नसतो. पत्र लिहिणारा एक आणि घेणारा दुसरा असतो. कवी जेरार्ड मॅन्ली हॉपकिन्स हे जेझुइट पाद्री. त्यांची पत्रे मित्र रॉबर्ट ब्रिजेस यांनी जपली, कविताही १९१८ मध्ये छापल्या. आपण हॉपकिन्सना लिहिलेली पत्रे मात्र ब्रिजेस यांनी नष्ट केली. आज ती मैत्री वाचताना शेजाऱ्याचे टेलिफोनवरचे बोलणे ऐकल्यासारखे होते. उत्तरे ऐकू येतात, प्रश्न अंदाजाने ताडायचे.

कायद्यानेही इथे थोडी गंमत करून ठेवली आहे. ब्रिटनमध्ये पत्राचा कागद ज्याला पत्र आले त्याच्या वारसांचा, पण मजकूर लिहिणाऱ्याच्या वारसांचा. आणि कधीच न छापलेल्या जुन्या मजकुराचा हक्क तिथे २०३९ च्या अखेरपर्यंत शाबूत आहे. म्हणजे १८६० साली एखाद्या पाद्र्याने मेहुण्याला कोंबड्यांविषयी लिहिलेले पत्र आज छापायचे तर त्याच्या खापरपणतवंडांना शोधत फिरा. त्याच पाद्र्याचा दुकानात विकला गेलेला फोटो मात्र कुणीही छापावा. जाळायला कुणाची परवानगी लागत नाही आणि छापायला लागते, असा हा उरफाटा न्याय आहे, आणि तो बदलायला २०३९ ची वाट पाहण्याचे काही कारण नाही.

राखण्याचे उत्तम उदाहरण मराठी वाचकाच्या अगदी जवळचे आहे, आणि ते कुटुंबाचे नसून मठाचे आहे. १८८३ साली पंडिता रमाबाई इंग्लंडमधल्या वाँटेजला सेंट मेरी द व्हर्जिन या भगिनीसंघात उतरल्या. त्या गावचे पूर्वीचे व्हिकर विल्यम बटलर यांनी १८४८ मध्ये हा संघ स्थापन केला होता. सप्टेंबरात रमाबाई आणि छोटी मनोरमा यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांच्या धर्मविचारामागे काशीच्या नीळकंठशास्त्री गोऱ्यांची, म्हणजे पुढच्या फादर नेहेम्या गोऱ्यांचीही पत्रे होती. पण बाप्तिस्मा झाला म्हणून रमाबाई गप्प बसणाऱ्या नव्हत्या. त्रैक्याचे तत्त्व पटत नाही, हे त्यांनी लिहून कळवले. पुढे त्या चेल्टनहॅमच्या महिला कॉलेजात असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये असे मुंबईच्या आणि लाहोरच्या बिशपांनी मत दिले, त्यावर त्यांनी खडसावले. मुलीला कुणी कसे वाढवावे यावरून तर त्यांचे आणि सिस्टर जेराल्डीन यांचे चांगलेच वाजले. ज्यांना पत्रांत त्या प्रेमाने 'आजीबाई' म्हणत, त्याच या जेराल्डीन.

आजीबाईंच्या जागी दुसरे कुणी असते तर ही पत्रे चुलीत गेली असती. शिष्येने गुरूला, तेही इंग्रज जोगिणीला आणि तिच्या बिशपांना, अशी उत्तरे द्यावीत हे संघाच्या लौकिकाला शोभणारे नव्हतेच. सिस्टर जेराल्डीन यांनी उलट केले. रमाबाईंची पत्रे, स्वतःची पत्रे, बटलर यांची, बिशपांची, चेल्टनहॅमच्या प्राचार्या डोरोथिया बील यांची, सगळी त्यांनी जुळवली, नकलून काढली, आपल्या बाजूच्या टिपा जोडल्या. टिपांत त्यांचा राग आणि दुखावलेपण लपत नाही, पण पत्राला हात लावला नाही. ते बाड अखेर अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने छापले. रमाबाईंचा करारी आवाज आज ऐकू येतो तो त्यांच्याशी न पटलेल्या एका बाईंच्या सचोटीमुळे.

बटलर, मुंबईचे बिशप माइल्न, लाहोरचे बिशप फ्रेंच हे त्या काळचे मान्यवर पाद्री होते. पण बिशपसाहेब एका मराठी विधवेच्या शिकवणीवर का अस्वस्थ झाले, हे कळायला तो कागदच लागतो.

नगर, पुणे, मुंबई, कोकणातल्या जुन्या ख्रिस्ती घरांतही असे कागद आणि फोटो असणार. नेहेम्या गोरे, बाबा पद्मनजी, रेव्हरंड ना. वा. टिळक यांच्या पिढीतल्या माणसांना आलेली, त्यांनी लिहिलेली पत्रे ज्यांच्या घरात आहेत, त्यांना, आणि इंग्लंडमधल्या ज्यांच्या माळ्यावर एखाद्या पणजोबा पाद्र्याची पेटी आहे त्यांनाही, सांगण्यासारखे थोडकेच आहे. आल्बमची पाने सुटी करू नका. फोटोंचा क्रमही माहिती असतो. फोटो एका भावाकडे आणि पत्रे दुसऱ्याकडे अशी वाटणी करू नका. तिकिटांसाठी लिफाफे कापू नका. पत्रे प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका, सेलोटेप तर मुळीच लावू नका; कालांतराने तो कागद खातो. वाचून लाज वाटली तर पाकीट बंद करा, वर 'अमुक सालापर्यंत उघडू नये' असे लिहा आणि गठ्ठा आहे तसा, न निवडता, एखाद्या ग्रंथालयाला किंवा अभिलेखागाराला द्या. आणि त्याआधी, घरातल्या सगळ्यांत वयस्क माणसाला शेजारी बसवून आल्बमचे एकेक पान उलटा. ते नाव सांगतील तसे फोटोच्या पाठीवर, कडेला, हलक्या हाताने लिहून ठेवा. पेन नको, त्याची शाई पुढच्या बाजूला उतरते. मऊ शिशाची साधी पेन्सिल घ्या.